सासूबाईंची दलदल आणि ब्लॉगचं नवं रूप

वेइक्कोच्या सासूबाईंची हिल्लाची दलदल यंदाच्या जुलैत अख्ख्या तेर्वावारा गावाने एका शनिवार-रविवारात धुऊन नेली, आणि हे सगळं वेइक्कोच्या ब्लॉगमुळे झालं.

आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजा, कारण अशी कुठलीही दलदल नाही. आमच्याकडे, पार उत्तरेकडच्या काइनू प्रांतात, कुणाच्याच सासूची, आईची किंवा आजीची दलदल नसते. हिल्ला हे दलदलीत उगवणारं केशरी फळ. आकार करवंदाचा, रूप तुतीचं आणि मान सोन्याचा. घराघरांत त्याच्या बादल्या येतात, पण कुठून येतात हे विचारायचं नसतं. फारच जवळचं माणूस असेल तर ‘रानातून’ एवढं उत्तर मिळतं. शेवटच्या घटका मोजणाऱ्या बापाने मुलाला जवळ बोलावलं, ‘आपली जागा…’ म्हणून सुरुवात केली, तेवढ्यात परिचारिका आत आली म्हणून विषय हवामानावर नेला आणि तिथेच प्राण सोडला, अशी उदाहरणं आमच्या भागात आहेत. त्या मुलांनी बापाला कधी दोष दिलेला नाही.

तेव्हा जी दलदल नाहीच, ती लुटली जाण्याचा प्रश्न येत नाही. आपण फक्त ब्लॉगबद्दल बोलू.

वेइक्को नगरपालिकेत पार्किंग नियोजक आहे. तेर्वावारात गाड्यांपेक्षा गाड्या लावायच्या जागा जास्त असल्यामुळे या कामात धावपळ अशी नसते. उरलेल्या वेळात तो ‘ओले मोजे’ नावाचा ब्लॉग लिहितो. बुटांची डागडुजी, डासांचं यंदाचं प्रमाण, तळ्यावरच्या बर्फाला माणसाचं वजन पेलेल की नाही, असे विषय. वाचक मोजके. शेजारचा तार्मो, गावच्या पाद्रीबाई आणि पोर्तुगालमधलं कुणीतरी, जे चुकून येत असावं असं वेइक्कोला वाटे. पण ते दर आठवड्याला चुकत असल्यामुळे त्याने त्यालाही वाचक धरलं होतं.

सासूबाईंचं नाव लेम्पीबाई. या वर्षी त्या ऐंशीच्या होणार होत्या. लग्नाला दोन तपं होत आली तेव्हा कुठे, म्हणजे मागच्या उन्हाळ्यात, त्यांनी वेइक्कोला गाडीत बसवून ती जागा दाखवली. वाटेत फक्त बोटाने खुणा. एक वळण मुद्दाम दोनदा घ्यायला लावलं. लाकूडतोडीच्या रस्त्याच्या टोकाला गाडी ठेवून, चर ओलांडून, दुभंगलेल्या शेंड्याच्या पाइन वृक्षापाशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, “इथे.” वेइक्को म्हणाला, “हं.” आपण या घरात खऱ्या अर्थाने आलो असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. लग्नात तसं वाटलं नव्हतं. लग्नात बूट चावत होते.

त्या आनंदात त्याने काही फोटो काढले आणि ते कुणालाही दाखवले नाहीत. ऐंशीव्या वाढदिवसाच्या केकसाठी हिल्ला मीच वेचून आणीन, असा शब्दही त्याने दिला. लेम्पीबाई ‘बघू’ म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ‘बघू’ हा शब्द निघणं म्हणजे इतर घरांत गळ्यात पडून रडण्यासारखं असतं.

जूनमध्ये ब्लॉगच्या कंपनीने ब्लॉगचं रूप बदललं.

सकाळी कॉफी घेऊन वेइक्को बसला, तर सगळं जागचं हललेलं. ‘प्रकाशित करा’ हे बटण आयुष्यभर उजवीकडे होतं, ते डावीकडे गेलं होतं. त्याचा साधा राखाडी रंग जाऊन कच्च्या सॅल्मन माशाचा गुलाबी रंग आला होता. मधोमध मोठ्या अक्षरांत प्रश्न होता: ‘वेइक्को, आज तुमच्या मनात काय आहे?’

वेइक्कोने संगणक मिटला आणि थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. हा प्रश्न त्याला आजवर कुणीही विचारलेला नव्हता. त्याने लग्नाची मागणी घातली तेव्हाही पाइविक्कीने, म्हणजे त्याच्या बायकोने, तो विचारला नव्हता. तिने फक्त ‘कधी?’ विचारलं होतं.

मग त्याने संगणक उघडला आणि ‘नवं रूप: पहिले ठसे’ या नावाचा लेख लिहायला घेतला. तसा तो टीकाकार नव्हे. पण अन्याय झाला की माणूस टीकाकार होतो. बटणाच्या स्थलांतरावर एक परिच्छेद झाला. ‘आणखी लोकांपर्यंत पोचायचंय का?’ या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नंतर विचारा’ ही दोनच उत्तरं का, यावर दुसरा. लेख टाकल्यावर पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडतात त्यावर तिसरा: ‘हे कागद गोळा कोण करणार, याचा खुलासा नाही.’ फोटो कसा दिसतो ते पाहायला एक फोटो हवा होता, म्हणून मागच्या उन्हाळ्यातली भरलेली बादली टाकली. बादलीखाली रिवाजाप्रमाणे लिहिलं, ‘रानातून.’

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो. वेइक्कोला सांगू नका. फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात तो कुठे काढला हे लिहिलेलं असतं. जुनं रूप ते पोटातच ठेवी. नवं रूप त्या ठिकाणाचा नकाशा लेखाच्या डोक्यावर लावून मोकळं होई.

वेइक्कोला तो नकाशा दिसला नाही असं नाही. त्याने तो चांगला निरखून पाहिला. पण दलदलीच्या नकाशात काय असतं? रस्ता नाही, घर नाही, नाव नाही. हिरवट तपकिरी रंगाचा एक चौकोन आणि त्यात निळसर फराटे. ज्याचं पोट गाड्या लावायच्या जागांवर चालतं, त्याला रस्ता नसलेला नकाशा नकाशा वाटतच नाही. लेखाच्या शेवटी त्याने उदार मनाने लिहिलं:

‘एक गोष्ट मात्र बरी. लेखाच्या वर आता एक शांत, अमूर्त चित्र येतं. मधोमध लाल थेंब आहे. कुणा जाणत्या चित्रकाराचं काम असावं. पाहत राहावंसं वाटतं.’

लोक पाहत राहिले.

संध्याकाळपर्यंत लेखाच्या वाचकांचा आकडा तेर्वावाराच्या लोकसंख्येच्या पुढे गेला. वेइक्कोने तो आकडा पाइविक्कीला दाखवला.

“बटणांबद्दल?” ती म्हणाली.

“बटणांबद्दल नाही गं. दृष्टिकोनाबद्दल. हे कुणीतरी बोलायला हवं होतं.”

“तू बोललास.”

“मी बोललो,” वेइक्को म्हणाला, आणि त्या रात्री त्याने झोपेतही मान थोडी वर ठेवली होती, असं पाइविक्की सांगते.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी तार्मो भेटला. तार्मो निवृत्त वीजतंत्री आहे, आणि त्याला वेइक्कोच्या गवत कापण्याबद्दल मतं आहेत.

“वाचला लेख,” तार्मो म्हणाला.

“मग?”

“चित्र चांगलंय.”

“हो ना? मीही तेच लिहिलंय.”

“मोठं करून बघितलं.” तार्मोने आपल्या पायांकडे पाहिलं. “वेइक्को, तू चारचौघांसारखा लिहीत नाहीस हे मात्र खरं. बरं, मऊ जमिनीला गुडघ्यापर्यंतचे बूट पुरतात की मांडीपर्यंतचे लागतात?”

“किती मऊ, त्यावर आहे.”

“चित्रातल्याएवढी.”

वेइक्कोला हा प्रश्न काव्यात्म वाटला. “गुडघ्यापर्यंतचे पुरतील,” तो म्हणाला.

आता कुणी विचारेल, शेजाऱ्याने सरळ सांगितलं का नाही? कसं सांगणार? सांगायचं म्हणजे मला तुझी जागा कळली हे कबूल करायचं. एवढा उघडेपणा आमच्याकडे फार तर सौनाच्या न्हाणीघरात चालतो, आणि तिथेही वाफ भरपूर असेल तरच.

कौतुक झाल्यावर वेइक्कोने ‘नवं रूप: दुसरे ठसे’ लिहिलं. त्यात एकाहून जास्त फोटो टाकून पाहिले. मागच्या उन्हाळ्यातले, क्रमाने: लाकूडतोडीच्या रस्त्याच्या टोकाला उभी गाडी, चरावरच्या दोन फळ्या, दुभंगलेल्या शेंड्याचा पाइन, बादली. चित्रात चार लाल थेंब उमटले आणि नव्या रूपाने त्यांच्यामधून एक देखणी तुटक रेष ओढून वर लिहिलं, ‘तुमची गोष्ट जोडली आहे.’ वेइक्कोने अभिप्राय दिला: ‘चित्रकार आता मोकळा होतोय. रेषेत हालचाल आली आहे.’

दुकानात लोक त्याला दार उघडून देऊ लागले. पाद्रीबाईंनी प्रार्थनेनंतर त्याचा हात दोन्ही हातांत धरून ‘अशी उदार माणसं राहिली नाहीत’ असं म्हटलं. गावातल्या दुकानातल्या बादल्या संपल्या. वेइक्कोच्या हे लक्षात आलं, पण त्याला वाटलं, यंदा लोक रंगकाम काढतायत.

जुलैच्या शेवटी एका सकाळी सासूबाईंचा फोन आला. “पिकली असेल,” एवढं म्हणून त्यांनी ठेवला.

शनिवारी वेइक्को आणि पाइविक्की निघाले. लाकूडतोडीच्या रस्त्याला लागले आणि वेइक्कोने गाडी हळू केली. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या उभ्या होत्या. टोकापर्यंत, एकामागे एक, मागच्याला निघता येईल इतकं अंतर सोडून. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तेर्वावारात त्याने पाहिलेली ही पहिलीच खरी पार्किंगची अडचण. आधी त्याला आनंद झाला. हे मी कबूल करतो, कारण तो स्वतः करणार नाही.

“किती शिस्तीत लावल्यात बघ,” तो म्हणाला.

“वेइक्को,” पाइविक्की म्हणाली, “ती तार्मोची गाडी आहे.”

दलदलीत जिकडे पाहावं तिकडे माणसं. सगळी एकमेकांकडे पाठ करून, आपापल्या जागी खिळलेली, तोंडाभोवती डास आणि पाठीमागे बादली. वेइक्को दिसताच वेचणारे हात थांबले आणि सगळे आकाशाकडे बघू लागले.

“काय पाद्रीबाई, इकडे कुठे?”

“पक्षी बघतेय.”

“बादलीतून?”

“दुर्बीण घरी राहिली.”

तार्मो पाइन वृक्षामागे अर्धा लपला होता. बूट गुडघ्यापर्यंतचे होते. पुरत होते.

“कुत्रा शोधतोय,” तो आपणहून म्हणाला.

“तुझ्याकडे कुत्रा नाहीये, तार्मो.”

“म्हणून तर सापडत नाहीये.”

वेइक्को दोन पावलं जवळ गेला. मग त्याने हळू आवाजात विचारलं, “ही जागा तुला कशी…?”

तार्मोला प्रश्नाचा धक्काच बसला. इतकं खाजगी त्याला वेइक्कोने कधी विचारलं नव्हतं. त्याने फोन काढला, ‘दुसरे ठसे’ उघडलं आणि बोटांनी ते अमूर्त चित्र लहान लहान करत नेलं. आधी रस्ता आला. मग तळं. मग तेर्वावारा, त्याच्या भरमसाट पार्किंगसकट.

“ओह,” वेइक्को म्हणाला. त्याच्या पायाखालची जमीन सरकली, पण दलदलीत ती तशीही सरकतेच, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी नवरा-बायकोच्या वाट्याला मिळून एक कॉफीचा पेला भरेल एवढी हिल्ला आली.  घरी येताना शेवटच्या वळणावर पाइविक्की म्हणाली, “आईला तू सांगणार आहेस.” हा प्रश्न नव्हता.

आधी निदान नकाशा तरी काढू, म्हणून वेइक्कोने कंपनीच्या मदतकक्षाशी संपर्क साधला. तिथे माणूस नव्हतं. आपोआप उत्तर देणारं काहीतरी होतं आणि ते फार आनंदी होतं.

‘तुमचं ठिकाण लोकप्रिय होतंय! अभिनंदन!’

‘ठिकाण काढून टाका,’ वेइक्कोने लिहिलं.

‘नक्कीच! ही जागा तुमच्या मालकीची आहे का?’

वेइक्को विचारात पडला. दलदल सरकारची, आणि कायद्याने फळं वेचायचा हक्क सगळ्यांचा. खोटं त्याला लिहिता येईना. ‘नाही.’

‘मग जागेबद्दल कुणाची तक्रार आहे?’

इथे सासूबाईंचं नाव लिहायचं म्हणजे आगीत रॉकेल. ‘कुणाचीच नाही.’

‘छान! तक्रार नसल्याची नोंद केली आहे. जागा ओळखण्यासाठी तिचं नाव द्या.’

त्या दलदलीला नाव नव्हतं. नावच नसणं हेच तर तिचं संरक्षण होतं. वेइक्कोने वैतागून लिहिलं, ‘काहीच नाही.’

‘धन्यवाद!’

पाच मिनिटांत नकाशावर, आणि आता फक्त त्याच्या ब्लॉगवर नव्हे तर सगळ्यांच्याच नकाशावर, ‘काहीच नाही’ या नावाची दलदल उगवली. खाली तारे देण्याची सोय होती. कुणीतरी पाचापैकी चार तारे देऊन अभिप्राय लिहिला होता: ‘ओलं आहे.’

सोमवारी कचेरीत त्याच्या टेबलावर जंगलखात्याचा कागद आला. ‘काहीच नाही येथील पार्किंगबाबत नगरपालिकेने काय केले?’ वेइक्कोने नियमाप्रमाणे त्याच दिवशी उत्तर दिलं: ‘काहीच नाही.’ या उत्तरावर वरिष्ठांनी त्याला बोलावून घेतलं. उत्तर खोटं नव्हतं, एवढाच त्याचा बचाव. बाहेर पडताना वरिष्ठांनी दबक्या आवाजात विचारलं, “उत्तरेकडच्या कोपऱ्यात काही शिल्लक आहे का?”

सल्ल्यांना तोटा नव्हता. तार्मो म्हणाला, नकाशा खोडायच्या मागे लागू नकोस, गावातल्या प्रत्येक गटारावर लाल थेंब टाक, लोक गोंधळतील. पाद्रीबाई म्हणाल्या, सासूबाईंसमोर सगळं कबूल कर, मन हलकं होईल. वेइक्कोने विचारलं, तुम्ही किती वेचलीत? त्या म्हणाल्या, कबुली तुझी चाललीय, वेइक्को.

वाढदिवसाच्या दिवशी लेम्पीबाईंच्या घरी तो गेला तेव्हा त्याच्या हातात तो कॉफीचा पेला होता, वर झाकण लावलेला. शेजारीपाजारी आत बसले होते. तार्मोही होता, कुत्र्याचा विषय टाळत. वेइक्कोने दारातच सासूबाईंना गाठलं. घरून तो एक भाषण तयार करून आला होता. त्यात ‘विश्वास’ हा शब्द तीनदा होता. तोंडातून निघालं ते एवढंच: “आई, माझ्यामुळे तुमची दलदल गेली.”

“कुठली दलदल?” लेम्पीबाई म्हणाल्या. “आत ये, माश्या येतायत.”

आत टेबलावर केक होता. केकवर साय होती आणि सायीवर, काठापासून काठापर्यंत, बोट ठेवायला जागा उरणार नाही इतकी पिकलेली, टपोरी, केशरी हिल्ला होती. बाजूच्या ओट्यावर तीन भरलेल्या बादल्या.

वेइक्कोने केककडे पाहिलं. बादल्यांकडे पाहिलं. हातातल्या पेल्याकडे पाहिलं. आणि मग त्याच्या तोंडून तो प्रश्न गेला.

“आई, ही कुठून आणलीत?”

चमचे थांबले. तार्मोने लाजेने मान खाली घातली.

“रानातून,” लेम्पीबाई म्हणाल्या. पाहुण्यांच्या बशा भरून झाल्यावर त्या वेइक्कोला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दार लोटलं. पाइविक्की तिथेच कॉफी गाळत होती.

“हे बघ जावईबापू, तुला दाखवली ती जावयांची दलदल.”

“जावयांची?”

“बाहेरून आलेल्या पुरुषांची. तुझ्या सासऱ्यांनाही तीच दाखवली होती. बिचारे शेवटपर्यंत तिथेच वेचत होते. फार समाधानी होते.”

“आणि खरी?”

लेम्पीबाईंनी या प्रश्नाकडे शिष्टाचार म्हणून दुर्लक्ष केलं. “तुझा लेख वाचला मी. ते रंग शांत आहेत, हे तू बरोबर लिहिलंस. चार तारे मीच दिले. सगळं गाव तिकडे गेलं, माझ्याकडे या वर्षी चिटपाखरू नव्हतं. आयुष्यात एवढ्या निवांत वेचली नव्हती.”

वेइक्कोच्या छातीवरचा दगड उतरला, आणि उतरताना पायावर पडला. “म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?”

“रागवायचं काय त्यात? मी फक्त बघत होते, तू किती टिकतोस. एक वर्ष टिकला असतास तर…” त्यांनी खिडकीतून बाहेर, साधारण पूर्वेकडे पाहिलं, आणि मग सावध होऊन पश्चिमेकडेही पाहिलं. “मी आता ऐंशीची झाले. बादल्या उचलवत नाहीत. या खेपेला म्हटलं होतं, हा बरा आहे, याला दाखवावी. आता राहू दे.”

 वेइक्को बायकोकडे वळला. “पाइविक्की, तुला माहीत होतं?”

“कॉफी निवतेय,” पाइविक्की म्हणाली आणि किटली घेऊन बाहेर गेली. तिच्या बुटांच्या टाचांना शेवाळ लागलेलं होतं, ओलं, ताजं. वेइक्कोने ते पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने त्या टाचांकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

लेम्पीबाईंनी त्याच्या हातातून पेला घेतला, झाकण काढलं, आणि आतली हिल्ला केकच्या मधोमध, सगळ्यांच्या वर ओतली. “बघू,” त्या म्हणाल्या. पण हे ‘बघू’ मागच्या वर्षीचं नव्हतं. हे साधंच होतं.

घरी परतल्यावर वेइक्कोने नवं रूप उघडलं. ‘वेइक्को, आज तुमच्या मनात काय आहे?’ या वेळी त्याने संगणक मिटला नाही. केकचा फोटो जोडला आणि मदतकक्षाला लिहिलं:

‘विषय: फोटोच्या ठिकाणाबाबत दुरुस्ती. महोदय, सोबतच्या फोटोवर आपण दाखवलेला लाल थेंब माझ्या सासूबाईंच्या जेवणाच्या टेबलावर येतो. ते टेबल मला ठाऊक आहे. तरी फोटो जिथे काढला ते ठिकाण न दाखवता, फोटोतली फळं जिथे उगवली ते ठिकाण दाखवण्याची व्यवस्था व्हावी. ते फक्त अर्जदारालाच दिसावं, अर्जदाराच्या बायकोला ते आधीच ठाऊक असल्याने तिला कळवू नये. आणि ही कार्यवाही पुढील जुलैपूर्वी पूर्ण करावी, ही नम्र विनंती. प्रकाशित करण्याचं बटण डावीकडेच राहिलं तरी अर्जदाराची हरकत नाही.’